ओटू सेन्सर बदलण्याआधी सायलेन्सरचा पाइप बघा

डॅशबोर्डवर इंजिनाची पिवळी लाइट लागते, गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि पी ०१७१ हा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असं इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतंय. तिथून पुढे बोलणं ठरलेल्या वाटेने जातं: "ओटू सेन्सर गेलाय साहेब, नवा टाकून देतो." धुराच्या पाइपात बसणारा हा ऑक्सिजन सेन्सर हजारांच्या घरात जातो. टाकल्यावर काही दिवसांनी तीच लाइट पुन्हा लागते, कारण जुना सेन्सर ठणठणीत होता. त्याच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पाइपाचा जोड सील करणारं एखादं गॅस्केट उडालेलं होतं आणि तिथून बाहेरची हवा आत शिरत होती.

नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी आणि गॅरेजमध्ये नुकतंच काम शिकायला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. कार आणि बाईक दोन्हींना लागू पडतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बाईक-स्कूटरमध्येही फ्युएल इंजेक्शन आणि ओटू सेन्सर सर्रास आले. जुन्या कार्बोरेटरच्या बाईकला हा सेन्सरच नाही. तिथे गळती असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो, पण पेट्रोलचं गणित बिघडत नाही.

सेन्सर काय बघतो

ओटू सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून बाहेर पडलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, एवढंच तो बघतो. आत झिर्कोनियाचा सिरॅमिक तुकडा असतो. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकं व्होल्टेज. मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास देतो. लीन, म्हणजे पेट्रोल कमी, असेल तर ०.१ च्या आसपास. मधली सीमा ०.४५ व्होल्ट. साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो नीट बोलत नाही, म्हणून पोटात हीटर असतो. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन वायरी त्या हीटरच्या.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. आता पंपावर ई २० मिळतं, त्यात इथेनॉल असल्याने हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. सेन्सरला या आकड्यांचं देणंघेणं नसतं. हवा पुरून उरली की कमी पडली, हेच त्याला कळतं. बऱ्याच नव्या कारमध्ये वाइडबँड सेन्सर असतो, तो किती उरली तेही सांगतो. गळतीने दोघेही सारखेच फसतात.

सेन्सरच्या बातमीवरून कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते सतत दुरुस्त करतो. या दुरुस्तीला ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो. लाँग टर्म ट्रिम म्हणजे मुरलेली सवय. अधिक १० याचा अर्थ मूळ हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त पेट्रोल, उणे १० म्हणजे दहा टक्के कमी. नवशिक्याने स्कॅनरवर बाकी काही नाही समजलं तरी चालेल, हे दोन आकडे वाचता आले पाहिजेत.

हवा आत कशी येते

इथे प्रत्येक नवा माणूस अडतो, आणि अडणं बरोबरच आहे. पाइपात दाब जास्त, मग भोकातून धूर बाहेर यायला हवा. हवा आत कशी जाईल?

दोन्ही होतं. पाइपातला दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराचा एक लोंढा सुसाट जातो आणि त्याच्या मागे क्षणभर पोकळी तयार होते. तेवढ्या वेळात तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणाला जिथे फट असेल तिथून हवा आत ओढली जाते. ८०० आरपीएमवर उभ्या असलेल्या चार सिलिंडरच्या कारमध्ये असे सेकंदाला सत्तावीसच्या आसपास ठोके पडतात. १५०० आरपीएमवर आयडल होणाऱ्या, म्हणजे जागेवर उभी असताना चालू राहणाऱ्या, सिंगल सिलिंडर बाईकमध्ये साडेबारा. ठोके लांब लांब असल्याने मधल्या पोकळीला हवा ओढायला भरपूर वेळ मिळतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की धूर इतका वाढतो की फटीतून आलेली हवा त्यात नगण्य ठरते.

म्हणून हा आजार मुंबईत जास्त छळतो. एक्स्प्रेसवेवर ऐंशीने जाणाऱ्या गाडीला जे जाणवणारही नाही, ते सायन सर्कलला किंवा एलबीएस मार्गावर अर्धा तास आयडलवर उभ्या गाडीचा एव्हरेज खाऊन टाकतं.

आत आलेली हवा सेन्सरला दिसते. ती सिलिंडरमधून आलेली नाही हे त्याला कळायला मार्ग नाही, तो "लीन" म्हणतो. टपरीवर ग्लासात पाणी सांडलं म्हणून चहा पातळ लागला आणि चहावाल्याने टोपातच आणखी पत्ती ओतली, तसा हा प्रकार. मिक्स्चर मुळात बरोबर होतं, आता ते खरोखर रिच झालं. फटीतल्या हवेमुळे सेन्सरला दहा टक्के जास्त हवा दिसली आणि कॉम्प्युटरने ती पेट्रोलने भरून काढली, तर सिलिंडरमध्ये १४.७ च्या जागी १३.४ चं मिक्स्चर जळतं. स्कॅनर लीन सांगतो आणि स्पार्क प्लग काळा निघतो. हा विरोधाभास दिसला की पहिला संशय पाइपावर घ्यायचा.

पुढचं नुकसान सावकाश होतं. एव्हरेज पडतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुऊन निघतं, ऑइल पातळ होतं. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि ताजी हवा एकदमच मिळतात, म्हणजे ते त्याच्या आतच जळतं आणि तो गरजेपेक्षा जास्त तापतो. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून ठेवा, म्हणजे गॅस्केटकडे बघायला आपोआप वेळ मिळेल.

फट कुठे आहे यावर सगळं

इंजिनाचं हेड (धूर जिथून बाहेर पडतो तो वरचा भाग) आणि पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर यांच्यामधली फट सगळ्यात वाईट. सेन्सरच्या लगेच मागे, सायलेन्सरच्या बाजूला वीतभर अंतरावर असेल तर आयडलला थोडा त्रास देते, कारण ठोक्यांबरोबर धूर मागेपुढे हेलकावतो. पुढचा सेन्सर आणि कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर यांच्यामध्ये असेल तर मागच्या सेन्सरचं वाचन बिघडून पी ०४२० सारखा कन्व्हर्टरचा कोड येऊ शकतो. त्याही मागे, सायलेन्सरच्या डब्याला भोक असेल तर आवाज होईल, पीयूसीला अडचण येईल, पण पेट्रोलच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

हे अशासाठी सांगतोय, की मुंबईत सायलेन्सरचा डबा सडणं रोजचंच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. घर ते स्टेशन एवढीच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी डब्यात साचतं; वर खारी हवा आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढलेल्या गाड्या. पण सडलेला डबा बघून "हाच लीक, हाच कोड" असं म्हणू नका. आपल्याला हवी असलेली फट बहुधा पुढे, इंजिनाच्या बाजूला, असते: हेडजवळचं गॅस्केट, तुटलेला स्टड, मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) वेल्डिंगला गेलेली चीर, किंवा जाळीचा लवचीक पाइप, जो स्पीडब्रेकरला घासून घासून फाटतो. बाईकमध्ये बेंड पाइप हेडला बसतो तिथली रिंग.

आता शोधायला बसा

आधी जागा. बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये किंवा भिंतींनी वेढलेल्या पार्किंगमध्ये हे करू नका. गळका एक्झॉस्ट म्हणजे तुमच्या तोंडासमोर कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो. उघड्यावर गाडी काढा. हातमोजे घाला.

पहिलं काम कानाचं. सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना बॉनेट उघडून स्टार्ट करा. फट असेल तर टिकटिक किंवा फुसफुस ऐकू येते, आरपीएमबरोबर जलद होते आणि पाच-दहा मिनिटांत कमी होत जाते, कारण धातू तापून फुगतो आणि फट दाबली जाते. गॅरेजला पोहोचेपर्यंत आवाज गायब झालेला असतो, म्हणून मेकॅनिकला तो कधी सापडतच नाही. गाडी आदल्या रात्री गॅरेजवर सोडा. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाजही असाच असतो. फरक ओळखायला हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडांजवळून फिरवा. पंख्याच्या पट्ट्यापासून नळी आणि बाही दोन्ही लांब.

मग डोळ्यांचं. गाडी बंद करून गार होऊ द्या आणि टॉर्च मारून प्रत्येक जोड बघा. गळक्या जागी काजळीचा काळा किंवा राखाडी फराटा असतो, फटीपासून बाहेर पसरत गेलेला. सेन्सर जिथे पाइपात बसवलाय तिथली चूडीही (आटे) बघा; सेन्सर ढिला बसवला असेल तर तिथूनच हवा ओढली जाते, आणि हे नवा सेन्सर टाकल्यावरच जास्त घडतं.

दिसलं नाही तर मदतनीस घ्या. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा. त्याला जाड घडी घातलेलं ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा, तुम्ही पुढे कान लावा. पाइप घट्ट असेल तर इंजिन गुदमरतं आणि फडकं ढकललं जातं. गळका असेल तर फुसफुस वाढते आणि जागा सापडते. जास्त वेळ धरू नका.

माझी आवडती पद्धत मात्र साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद आणि पूर्ण गार. व्हॅक्यूम क्लीनरला हवा बाहेर फेकणारं तोंड असेल तर त्याची नळी सायलेन्सरच्या तोंडात घालून भोवती फडकं कोंबा, ब्लोअर असेल तर तो. आतून मंद दाब तयार होतो. मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून स्प्रे बाटलीने प्रत्येक जोडावर मारा. जिथे बुडबुडे, तिथे फट. भाजत नाही, धूर नाही, आणि केसाएवढी चीरही दिसते. बऱ्याच सायलेन्सरच्या डब्याला पाणी निथळायचं बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याला गळती समजून वेल्डिंग करून घेऊ नका.

स्कॅनर काय म्हणतो

कारसाठी ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी (गाडीचे कोड वाचणारा) स्कॅनर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. बाईकचा सॉकेट बहुतेक वेळा वेगळा असतो, त्याला जोडवायर लागते. गाडी पूर्ण तापल्यावर आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज लिहून घ्या. मग २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून पुन्हा लिहा.

समजा आयडलला शॉर्ट अधिक ७ आणि लाँग अधिक १५, बेरीज २२. २५०० ला बेरीज ५ वर आली. आरपीएम वाढल्यावर रोग उतरला, म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम चढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर बघा, एक्झॉस्टच्या मागे लागू नका. मिसिंग असेल तर आधी तेच दुरुस्त करा: न पेटलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन तसाच धुरात येतो आणि सेन्सर पुन्हा लीनच म्हणतो.

खरी गोम पुढे आहे. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या, बाजूची गळती, उदाहरणार्थ फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गॅस्केट, स्कॅनरवर हुबेहूब अशीच दिसते. तिथेही आयडलला ट्रिम चढतो आणि आरपीएम वाढला की उतरतो. आकड्यांवरून दोघांना वेगळं करता येत नाही, प्लगवरून येतं. इनटेकची हवा सिलिंडरमधून जाते, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून हिशेब जुळवतो आणि प्लग साधारण चांगल्या रंगाचा राहतो. एक्झॉस्टच्या फटीत प्लग काळा, कोरड्या काजळीचा, आणि मागे उभं राहिलं तर डोळ्यांना चुरचुरणारा कच्च्या पेट्रोलचा वास.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत जागोजागी, आणि त्यांच्या मालकांना इथे एक फुकटची चाचणी मिळते. गाडी पेट्रोलवर टाकून ट्रिम बघा, मग सीएनजीवर. दोन्हीकडे आयडलला सारखाच चढत असेल तर एक्झॉस्ट किंवा इनटेक. फक्त सीएनजीवर चढत असेल तर किटचं ट्युनिंग किंवा गॅसचा फिल्टर. सीएनजी साफ जळतो, प्लग काळा होत नाही, म्हणून प्लगची परीक्षा पेट्रोलवर काही दिवस चालवूनच घ्या.

बाईकवाल्यांसाठी एक सूचना. काही बाईकमध्ये कंपनीनेच एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा सोडणारी नळी दिलेली असते, उरलेलं पेट्रोल तिथेच जळावं म्हणून. ती गळती नव्हे. पण तिची झडप उघडी अडकली तर नको तेव्हा हवा जाते आणि लक्षणं हीच येतात. आणि जोराचा आवाज करणारा बाहेरचा सायलेन्सर बसवला असेल तर सगळ्यात आधी त्याचा जोड बघा. बसवणाऱ्याचं लक्ष आवाजाकडे असतं, गॅस्केटकडे नाही.

दुरुस्ती

गॅस्केट नवंच टाका, जुनं दाबून पुन्हा वापरलेलं टिकत नाही. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुनं गॅस्केट सोबत न्या. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाई केली की स्टड हेडमध्येच तुटतो, मग दहा मिनिटांच्या कामाला दिवस जातो. बसवताना सगळे नट आधी हाताने, मागचे क्लॅम्पही ढिले, पाइप आपापल्या जागी बसू द्या आणि मग हेडकडून सुरुवात करून थोडं थोडं आळीपाळीने आवळा. एका बाजूने पूर्ण आवळलात तर फ्लँज तिरका बसतो आणि महिन्याभरात पुन्हा टिकटिक.

सिलिकॉनची ट्यूब सेन्सरच्या अलीकडे वापरू नका. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर थर चढवते आणि चांगला सेन्सर खरोखरच मरतो. पाइपाला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची वायर काढा आणि सेन्सर उतरवून ठेवा. पुढच्या भागात पेस्ट आणि पट्टी गुंडाळणं म्हणजे घरी पोहोचण्यापुरता इलाज.

काम झाल्यावर कोड पुसा आणि ट्रिमची जुनी सवयही, स्कॅनरने होत असेल तर. ती नाही पुसली तर काही दिवस गाडी सवयीनेच जास्त पेट्रोल ओतत राहते. दोन्ही ट्रिमची बेरीज शून्याच्या आजूबाजूला, पाच-सात टक्क्यांत खेळायला लागली की जिंकलात. पीयूसी याच्यानंतर काढा: बीएस ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल कारची जास्त आरपीएमवरची लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, नेमकं बरोबर म्हणजे १) ०.९७ ते १.०३ मध्ये यावी लागते, आणि मागच्या एखाद्या फटीतून हवा मिसळत असेल तर इंजिन निर्दोष असूनही आकडा बाहेर जातो.

एवढं करूनही ट्रिम चढलेलाच असेल तर मग सेन्सरकडे वळा, पण त्याचीही परीक्षा घेऊन. गरम गाडीत स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज उघडा, अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबा: आकडा ०.८ च्या वर उडाला पाहिजे. मग वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा, पेट्रोल बंद होतं, आकडा ०.२ च्या खाली पडला पाहिजे. दोन्ही लगेच झालं तर सेन्सर जिवंत आहे. वाइडबँडला ही परीक्षा लागू नाही, त्याचं वाचन या ०.१ ते ०.९ व्होल्टच्या हिशेबाने नसतं. आळसावून हलत असेल किंवा मधेच अडकत असेल तर बदला. पार्ट नंबर जुळवून नवा घ्या, भंगारातला नको. चूडीला तांब्याची पेस्ट अगदी पातळ, टोकाला अजिबात नाही. आणि वायर पिळली जाऊ नये म्हणून तिचा कनेक्टर शेवटी जोडा.